एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं

रत्नागिरीत मला रस्त्याने सरळ चालता येत नाही. भाजी आणायला निघालो तरी कुणीतरी पालक वाटेत गाठतो, आणि विषय एकच. मास्तर, टिपणं कशी काढायची ते आमच्या मुलाला एकदा नीट सांगा. जणू काही ती लोणच्याची कृती आहे आणि मी ती मुद्दाम दडवून ठेवली आहे. हायस्कुलात इतिहास शिकवायला लागल्यापासून माझ्या टिपणांचा गावात लौकिक झाला आहे. माझ्या वर्गात नसलेली मुलंही ती उतरवून नेतात. पूर्वी मी हसून वेळ मारून नेत असे. हल्ली वैताग येतो. हा लौकिक कुठून आला हे मला ठाऊक आहे, आणि ते मी आजवर घरातसुद्धा बोललेलो नाही.

मी आणि माझा मावसभाऊ इथेच रत्नागिरीत मॅट्रिकच्या वर्गात एकत्र होतो. तो वेळणेश्वरचा, मी राजापूरकडचा. खालच्या आळीत एका घराच्या मागच्या बाजूची खोली घेऊन आम्ही राहत होतो. माझे वडील कचेरीत कारकून. ते खाणावळीपुरते पैसे पाठवत, आणि त्याबरोबर एका बाजूने कोरे असलेले कचेरीतले जुने कागद पाठवत. भावाची स्थिती तशी नव्हती. तो वार लावून जेवत असे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वार लावलेल्या मुलाला कोणी फुकट जेवू घालत नाही, हे मला त्याच्यामुळे कळलं. कुठे विहिरीचं पाणी ओढून द्यायचं, कुठे नारळ सोलायचे, एका घरी तर म्हाताऱ्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. दुपार-संध्याकाळ त्यातच जाई.

त्याच्या वडिलांची वेळणेश्वरला सुपारीची लहानशी वाडी होती. त्यांनी त्याला निघतानाच बजावलं होतं, की परीक्षेला एकदाच बसायचं. पास झालास तर मुंबईला जा, नाहीतर घरी येऊन वाडीचं शिंपणं कर. मुंबईला त्याच्या चुलत्यांनी एका कचेरीत शब्द टाकून ठेवला होता, फक्त मॅट्रिकचा दाखला हवा होता. वाडीचं शिंपणं म्हणजे काय ते तो लहानपणापासून करत आला होता. त्याला पुन्हा ते करायचं नव्हतं. एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते काही फार मोठं नव्हतं.

आमचे इतिहासाचे मास्तर विद्वान होते, पण एका जागी उभे राहत नसत. खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत ते सांगायचे, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. खिडकीकडे तोंड केलं की निम्मे शब्द समुद्राकडे जायचे. पुस्तकात नसलेलं तेच नेमकं ते सांगत आणि परीक्षेत तेच विचारलं जाई अशी त्यांची ख्याती, त्यामुळे उतरवून घेणं भागच होतं. पण उतरवायचं कसं, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. सगळं शब्दन् शब्द लिहायला गेलो तर मास्तर दारापाशी पोचलेले असत आणि मी अजून खिडकीशी. नुसती मुद्द्यांची नावं लिहिली तर आठवड्याने कागदावर ‘कारणे तीन’ एवढंच सापडे. कशाची कारणं, हे देव जाणे. पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला की वर्गात काही लिहूच नये, घरी जाऊन आठवून लिहावं. तेही करून पाहिलं. घरी जाऊन मला मास्तरांचं उपरणं आठवलं, त्यावरचा शाईचा डाग आठवला, बाकी काही नाही. भावाची गोष्ट वेगळी. त्याला सगळं आठवे, पण आठवायला बसावं तर त्याची पाणी ओढायची वेळ झालेली असे.

तोडगा त्यानेच काढला. एकदा वर्ग सुटल्यावर मी टिपणांचे कागद चुरगळून फेकले, तर तो ते उचलून सरळ करत म्हणाला, “असं करूया. तू नुसतं लिही. मी नुसतं ऐकतो.”

“ऐकल्याशिवाय लिहू कसा, शिंच्या?”

“कानापर्यंत येऊ दे की. डोक्यापर्यंत नेऊ नको म्हणजे झालं. ते माझ्यावर सोड.”

मला वडिलांनी मोडी घोटवून घेतली होती. हात न उचलता लिहीत सुटलं की मोडी धावते, तशी बाळबोध धावत नाही. शिसपेन्सिलीने मी वर्गात मोडी लिहू लागलो, आणि वेग यावा म्हणून शब्द छाटू लागलो. नुसतं पहिलं अक्षर आणि पुढे शेपूट. असं लिहिलेलं मला त्याच संध्याकाळी वाचता येई, दुसऱ्या दिवशी अडखळत येई, आणि पुढे मात्र त्याचा नुसता झाडोरा होऊन बसे. पण त्याच संध्याकाळी वाचायचं असल्यामुळे ते चालून गेलं. वर्गातली पोरं आम्हाला हात आणि कान म्हणायला लागली. आम्हीही एकमेकांना तसंच म्हणू लागलो. मी एकटा दिसलो की कोणीतरी विचारायचंच, हात आला, कान कुठाय.

दिवेलागणीच्या आधी, त्याच्या वाराच्या घरी जायच्या अगोदर, आम्ही खोलीमागच्या गडग्यावर बसायचो. जांभ्या चिऱ्यांचा तो गडगा, उन्हाने तापलेला. मी माझा झाडोरा वाचायचो आणि तो त्याचा अर्थ लावायचा. दक्षिणेतल्या त्या लढाया, इंग्रजांची कंपनी, फ्रेंचांची कंपनी, मेलेले नवाब आणि त्यांचे वारस, याचा मला काही केल्या उलगडा होत नव्हता. कोण कुणाच्या बाजूने तेच ध्यानात राहत नव्हतं. तो म्हणाला, बांधावर एक माड आहे असं धर. म्हातारा गेला, दोन भाऊ त्या माडावरून भांडतात. एकाने वरच्या वाडीतला दांडगा गडी आणला, दुसऱ्याने खालच्या वाडीतला. आता सांग, नारळ शेवटी कुणी नेले?

मी म्हणालो, गड्यांनी.

“झालं तर मग,” तो म्हणाला. “परीक्षेत माडाचं नाव काढू नको म्हणजे मिळवलीस.”

हे असं रोज चाले. तो जेवायला गेला की मी खोलीत बसून त्या दिवसाचं सगळं बाळबोध अक्षरात नीट लिहून काढायचो, माझं छाटलेलं पूर्ण करून आणि त्याचा अर्थ मध्ये घालून. माझी गाजलेली टिपणं ती हीच. लिहिणारा मी, समजावणारा तो. तो स्वतः काही लिहीत नव्हता, लिहायला त्याला वेळही नव्हता आणि कागदही. त्याला ते वाचून दाखवलं की पुन्हा सगळं ताजं होई. वाचून दाखवणारा मी होतोच. मॅट्रिकच्या परीक्षेत हात आणि कान यांना एका बाकावर बसवत नाहीत, एवढी साधी गोष्ट आम्हा दोन शहाण्यांच्या एकदाही ध्यानात आली नाही. आजही मला याचा राग येतो. त्याच्यावर नाही, आमच्या त्या युक्तीवर, आणि ती ऐकून कौतुक करणाऱ्या मास्तरांवरही.

दिवाळीला तो घरी गेला आणि परत आला नाही. त्याच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. वाडीत शिंपणं करायला, सुपारी उतरवायला, वडिलांना उठवून बसवायला दुसरं कोणी नव्हतं. परीक्षेचा फॉर्म मात्र भरून झालेला होता, त्यामुळे परीक्षेला येणार हे नक्की.

बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. आता एखादं वाक्य निसटलं तर विचारायला कोणी नव्हतं. मी कंटाळून तिथे कावळा काढू लागलो. दोन रेघांचे पंख आणि चोच, म्हणजे इथून काहीतरी उडालं. त्या महिन्यांत माझ्या कागदांवर बरेच कावळे बसले. पुढे पुस्तकात पाहून मी बाळबोध वहीत त्या जागा भरायचो, जमेल तशा.

माघाच्या सुमारास त्याचं कार्ड आलं. मजकूर थोडा होता. वडील तसेच आहेत, शिंपणं झाल्यावर दुपारी थोडा वेळ मिळतो. तू लिहिलेलं सगळं पाठव, वाचून काढतो आणि येतो.

त्याने मागितलेलं कोणतं, हे मला स्पष्ट कळलं होतं. बाळबोधातली वही. ती माझ्या उशाशीच असे. ती पाठवली तर माझा अभ्यास थांबणार, आणि उतरवून द्यायची तर माझे कित्येक दिवस जाणार. तेव्हा मी स्वतःला अनेक कारणं सांगितली. वही वाटेत भिजेल. शिडाचा पडाव नेणारा खलाशी ती कुठे टाकून देईल. तो कसला वाचतोय तिकडे, वाडीच्या कामात. अशी कारणं सुचायला मला वेळ लागत नाही, तेव्हाही लागला नव्हता. शेवटी मी वर्गातले मूळ कागद घेतले, शिसपेन्सिलीने लिहिलेले, छाटलेले, कावळ्यांसकट, ते सुंभाने बांधले आणि जयगडला जाणाऱ्या एका ओळखीच्या पडाववाल्याच्या हाती दिले. निरोप दिला की सगळं यात आहे. खोटं बोललो नाही. सगळं त्यात होतंच. पण ते मला स्वतःलाही वाचता येत नव्हतं, आणि हे मला बांधताना माहीत होतं.

परीक्षेला तो आला तो वाराच्या एका घरी उतरला. मी खोलीवर ये म्हणालो नाही, तोही आला नाही. पेपरच्या आधी फाटकापाशी भेटला तेव्हा हात काळवंडलेले, वाळलेला. मला म्हणाला, काय हात, झाली तयारी. मी म्हणालो, झाली. कागद मिळाले का, हे मी विचारलं नाही. वाचता आले का, हे तर नाहीच नाही. इतिहासाच्या पेपरात त्या दक्षिणेतल्या लढायांचाच प्रश्न होता. मी माडाचं नाव न काढता त्याचाच माड लिहून आलो.

मी पास झालो, चांगल्या मार्कांनी. तो नापास झाला. इतिहासात आणि आणखी एका विषयात, असं मावशीकडून कळलं. वडील त्यानंतरही बरीच वर्षं अंथरुणावर होते. मुंबईची जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली. तो वाडीत राहिला, त्याचं लग्न झालं. लग्नाला मी गेलो नाही, माझी कॉलेजची परीक्षा आहे असं कळवलं. ती होतीही, पण नंतर होती.

पुढे मी मास्तर झालो, तोही इतिहासाचा. आता माझ्यासमोर सगळा वर्ग हातांचा आहे. मी शिंकलो तरी लिहून घेतील अशी मुलं. काय सांगतोय ते कळलं का विचारलं की माना हलवतात आणि पेन्सिली चालूच. एकदा मी पेन्सिली खाली ठेवायला लावल्या, म्हटलं आधी ऐका, मग लिहा. चार दिवसांत पालकांच्या तक्रारी हेडमास्तरांकडे गेल्या, की मास्तर टिपणं देत नाहीत. हेडमास्तर म्हणाले, तुमच्या टिपणांसाठी तर मुलं येतात हो. मग पुन्हा सांगणं आणि उतरवणं सुरू. समासात प्रश्न लिहायला लावून पाहिलं, तर मुलांनी एकमेकांचे प्रश्न उतरवले. धड्याच्या शेवटी चार वाक्यांत सार लिहा म्हटलं, तर पुस्तकातली शेवटची चार वाक्यं लिहिली. एकेकाला बोलावून समजावलं, तर तो समजावलेलं लिहून घ्यायला लागला. मी सगळ्या रीती करून पाहिल्या आहेत आणि मला एकही सापडलेली नाही. एक सापडली होती ती दोघांची होती, आणि मी त्यातला दुसरा माणूस फुकट घालवला.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तो सर्व्हिस मोटारीने आला. बरोबर मुलगी. आजवर चिपळूणला आत्याकडे राहून शिकली होती, आता मॅट्रिकच्या वर्गाला रत्नागिरीत ठेवायची होती. त्याने आधी कार्ड टाकून विचारलं होतं, आमच्याकडे राहिली तर चालेल का. मी उलट टपाली हो म्हटलं होतं, आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नव्हतं. दारात पिशवी ठेवून तो म्हणाला, काय हात, बरं आहे ना. इतक्या वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

चहा झाला. मुलगी माझ्या बायकोबरोबर आत गेली. आम्ही ओटीवर बसलो. तो वाडीतली सुपारी घेऊन आला होता, अडकित्त्याने कातरत होता. मी आतून ती जुनी बाळबोध वही आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, मुलीला दे. त्याने दोन-चार पानं उलटून पाहिली. तेव्हा मी बोललो. त्या वेळी ही वही माझ्या उशाशी होती. तू मागितलीस तेव्हा मी तुला दुसरेच कागद पाठवले, वाचता न येणारे, जाणूनबुजून पाठवले. एवढं बोलायला मला सतरा-अठरा वर्षं लागली, आणि बोलून झालं तेव्हा त्याच्या अडकित्त्याचा आवाजसुद्धा थांबला नव्हता.

“ते होय,” तो म्हणाला. “ते मी सोडलेच नाहीत रे. वेळ कुणाला होता. आईने सुंभ काढून घेतला वेल बांधायला, कागद कुठे गेले ते मला ठाऊक पण नाही.”

“उघडलेच नाहीस?”

“नाही म्हटलं ना. तू उगीच डोक्यात घेऊन बसलायस. मी कसा पास होणार होतो, मेल्या, मी अभ्यासच केला नव्हता.”

खरं सांगतो, मला हायसं वाटायला हवं होतं. मला चीड आली. इतकी वर्षं मी ज्याच्या ओझ्याखाली वाकलो, लग्नाला गेलो नाही, मावशीकडे जायचं टाळलं, ते ओझं नुसतं वेल बांधण्यात गेलं होतं म्हणे. मी त्याला म्हटलं, मग इतकी वर्षं एकदा तरी बोलायचंस. तो म्हणाला, तू विचारलंस का कधी.

वही त्याने परत माझ्याकडे सरकवली. “हे तिला देऊ नको. उतरवत बसेल. तिचं तिला लिहू दे.”

जेवणं झाल्यावर तो मुलीला बरोबर घेऊन माझ्या टेबलाशी उभा होता. शाळेत कसं लिहायचं ते तिला सांगत होता. मी बाजूला पान लावत होतो. तो म्हणाला, लिहिताना काही निसटलं तर थांबायचं नाही गो. तिथे एक कावळा काढायचा, हा असा. म्हणजे इथून काहीतरी उडालं हे ध्यानात राहतं. संध्याकाळी काकाला विचारायचं, या कावळ्याने काय नेलं. आणि टेबलावरच्या कागदावर त्याने दोन रेघांचे पंख काढले आणि चोच काढली.

मी पान लावायचा थांबलो. कावळे मी काढायला लागलो ते तो घरी गेल्यानंतर. वर्गात त्याने ते कधीच पाहिले नव्हते. ते होते फक्त सुंभाने बांधलेल्या त्या कागदांवर. म्हणजे त्याने ते सोडले होते, आणि नुसते सोडले नव्हते, इतके न्याहाळले होते की कावळ्याचा अर्थ त्याने स्वतःच लावला होता. त्या झाडोऱ्यातून त्याला वाचता आलं असेल ते एवढंच.

त्याने माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्याच्याही ध्यानात आलं असणार, कारण तो एकदम गाडीच्या वेळेबद्दल विचारायला लागला. मी सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्यावर आम्ही बोललो नाही, आणि पुढेही बोलू असं मला वाटत नाही.

मुलगी आता आमच्याकडे राहते. रोज दिवेलागणीच्या आधी ती तिची वही घेऊन मागीलदारी येते आणि म्हणते, काका, आज कावळे बरेच आहेत. मी दिवसभर वर्ग हाकून दमलेला असतो, कपाळाला आठ्या पडतात, पण बसतो. एकेका कावळ्याने काय नेलं ते सांगतो. नुसतं सांगितलेलं तिला चालत नाही, म्हणजे कसं, असं विचारत राहते, बापासारखीच. मी वैतागतो. ती वैतागू देते आणि परत विचारते. वर्गातल्या इतर मुलांनी तिचं पाहून कावळे काढायला सुरुवात केली आहे. पालकांची तक्रार यायची अजून बाकी आहे.

काल तिने दक्षिणेतल्या त्या लढायांपाशी बसलेला एक कावळा पुढे केला. मी कंपन्या सांगितल्या, नवाब सांगितले, वारस सांगितले. म्हणजे कसं, काका. मला माड आठवत होता, पण तिच्या बापाने तो नेमका कुठून सुरू केला होता ते आठवेना. मी तिला थांब म्हणालो आणि त्याला कार्ड लिहायला बसलो, की कान, तो माडाचा दाखला पुन्हा एकदा सगळा कळव. या खेपेला बाळबोधात लिहिलं, एकही शब्द न छाटता.